जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट: सेवा चांगली, पण ९९२ युरोंवर विसंबून निघू नका

जर्मनीला शिकायला जायचं ठरलं की घरात पहिला मोठा आकडा येतो तो ११,९०४ चा. वर्षभराच्या राहण्या-खाण्याची सोय आहे हे जर्मन वकिलातीला दाखवण्यासाठी एवढे युरो जर्मनीतल्या खात्यात आधी भरून ठेवायचे आणि तिथे गेल्यावर ते दरमहा ९९२ च्या हप्त्यानं परत घ्यायचे, ही झाली ब्लॉक्ड अकाउंटची सेवा. जर्मन भाषेत श्पेरकोंटो. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा आहे. त्याआधी तो ११,२०८ होता, त्याच्याही आधी १०,३३२. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी गेलेल्या ताई-दादांचा हिशेब जसाच्या तसा उचलू नका.

आमचं मत आधीच सांगतो. व्हिसासाठी लागणारा कागद म्हणून ही सेवा चोख आहे. घरबसल्या होते, वेळेत होते, पैसे सुरक्षित राहतात. वर्षाचं अंदाजपत्रक म्हणून मात्र ती अपुरी आहे, आणि पालकांची फसगत नेमकी इथेच होते. "बारा लाख भरले, आता वर्षभर बघायला नको" हे वाक्य पुण्यापासून लातूरपर्यंत घरोघर ऐकू येतं. ते खरं नाही.

९९२ आले कुठून

हा आकडा कुणी बाजारभाव बघून काढलेला नाही. जर्मन सरकार आपल्या गरजू विद्यार्थ्यांना जी मदत देतं, त्या बाफ्योगची ही कमाल रक्कम आहे. तिची फोड बघा: मूळ खर्चाला ४७५, घरभाड्याला ३८०, आरोग्य आणि शुश्रूषा विम्याला १३७. बेरीज ९९२. म्हणजे कायद्यानं तुमच्या मुलाच्या खोलीचं भाडं ३८० युरो धरलंय. म्युनिकमध्ये शेअर्ड फ्लॅटमधल्या एका खोलीचं भाडं ८०० युरोंच्या घरात आहे. त्यात सरकारी आरोग्य विम्याचे साधारण १४५ मिळवले की ९४५ झाले. हप्ता ९९२ चा. महिनाभराच्या खाण्यासाठी, फोनसाठी आणि वह्या-पुस्तकांसाठी उरले ४७ युरो.

तोच मुलगा माग्डेबुर्ग किंवा केम्निट्झला असेल आणि ३०० युरोंत खोली मिळाली, तर विमा भरून साडेपाचशेच्या जवळ हातात राहतात. घरी डाळ-भात, पोळी-भाजी करून त्यात आरामात भागतं, थोडे मागेही पडतात. खातं तेच, हप्ता तोच, शहर वेगळं. विद्यापीठ निवडताना रँकिंगच्या शेजारी खोलीच्या भाड्याचा रकाना ठेवाच.

भाड्यापलीकडे एक खर्च जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. रेडिओ-टीव्हीचा सरकारी आकार, महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही असो वा नसो, पत्ता नोंदवला की काही आठवड्यांत पत्र येतं. आकार घरटी एक असतो, त्यामुळे फ्लॅटमधल्या चौघांपैकी एकानं भरायचा आणि आपसात वाटून घ्यायचा. पत्र जर्मनमध्ये असतं म्हणून जाहिरात समजून ते फेकू नका. थकबाकी आणि दंड दोन्ही मागे लागतात.

"जर्मनीत फी नसते" हेही अर्धवट सत्य आहे. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूहं, हायडेलबर्ग वगैरे ठिकाणी, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टीयूएम या तांत्रिक विद्यापीठानं २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून मास्टर्सच्या नव्या परदेशी विद्यार्थ्यांना सेमिस्टरला ४,००० ते ६,००० लावले. ब्लॉक्ड अकाउंटच्या ११,९०४ मध्ये फीचा एकही पैसा धरलेला नाही.

सेवा कुणाकडून घ्यायची

पूर्वी सगळे डॉइचे बँकेकडे जायचे. २०२२ मध्ये त्या बँकेनं परदेशातून अर्ज करणाऱ्यांसाठी ही सोय बंद केली आणि तेव्हापासून बाजार ऑनलाइन कंपन्यांकडे गेला. फिनटिबा, एक्सपाट्रिओ आणि कोराकल ही नावं भारतीय विद्यार्थ्यांच्या तोंडी जास्त असतात. काम तिघांचं सारखंच. पोर्टलवर नोंदणी, पासपोर्ट आणि चेहऱ्याची ऑनलाइन पडताळणी, खात्याचा आयबॅन क्रमांक, भारतातून पैसे पाठवणं, ते जमा झाल्यावर पीडीएफ दाखला. पैसे पोचल्यापासून एक-दोन कामाच्या दिवसांत दाखला हातात येतो आणि तोच व्हिसाच्या फाइलला लावायचा.

खर्च ढोबळमानानं असा: खातं उघडण्याचे पन्नास ते शंभर युरो एकदाच, वर महिन्याला पाचेक युरो. काही ठिकाणी महिन्याचा आकार नसतो, एकदाच थोडे जास्त घेतात. वर्षाचा फरक वीस-तीस युरोंचा. त्यासाठी रात्र जागवू नका. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. पैसे प्रत्यक्षात कुठल्या बँकेत राहतात? (फिनटिबाचे हांबुर्गच्या झूटोर बँकेत असतात.) ती युरोपच्या १,००,००० युरोंपर्यंतच्या ठेवसंरक्षणाखाली येते का? आणि तिथे पोचल्यावर पहिला हप्ता सुरू करायला नेमके कोणते कागद लागतात? हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, त्याकडे पुढे येतो.

कन्सल्टंट जेव्हा "आमच्याकडून उघडा, फुकट करून देतो" म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. या कंपन्यांचे पार्टनर कार्यक्रम असतात आणि आणलेल्या ग्राहकामागे मोबदला मिळतो. त्यात गैर काही नाही. फक्त नोंदणीत ई-मेल आणि मोबाइल विद्यार्थ्याचाच हवा. कन्सल्टंटच्या ई-मेलवर खातं उघडलं की ऑक्टोबरमध्ये हप्ता अडकतो तेव्हा पासवर्ड बदलण्याची लिंक कोथरूडच्या ऑफिसात येत असते आणि मुलगा ड्रेस्डेनमध्ये बसलेला असतो.

खात्यासोबत विम्याचं पॅकेज घेतलं तर एक काळजी घ्या. सुरुवातीच्या काही दिवसांचा प्रवास विमा त्यात मिळतो, तो घ्यावा. पण शिक्षणकाळासाठी सरकारी विम्याऐवजी स्वस्त खाजगी विमा निवडला आणि सरकारी विम्यातून सूट घेतली, तर ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. वय तिशीच्या आत असेल तर विद्यार्थी दरातला सरकारी विमाच घ्या. महिन्याला चाळीस-पन्नास युरो वाचवायला जाऊन पुढे एका ऑपरेशनच्या बिलासाठी कंपनीशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करत बसण्यात शहाणपण नाही.

पैसे पाठवणं: खरी गळती इथे

जर्मन कंपनीच्या पन्नास युरोंवर लोक घासाघीस करतात आणि आपल्याच बँकेत वीस हजार रुपये सोडून येतात. हिशेबाला युरो १०५ रुपयांचा धरू. ११,९०४ युरोंचे झाले १२,४९,९२०.

पहिला खर्च दरातला. बँक जो दर देते तो गूगलवर दिसणाऱ्या दरापेक्षा वर असतो, आणि त्या फरकाला कुठल्याही पावतीवर "शुल्क" म्हणून ओळ नसते. दर युरोमागे एक रुपया जास्त लागला की जवळपास बारा हजार गेले. दोन रुपयांना चोवीस हजार. म्हणून ज्या दिवशी पाठवायचे त्याच दिवशी सकाळी दोन बँका आणि एक परवानाधारक फॉरेक्स कंपनी यांच्याकडून दर लेखी मागवा आणि प्रश्न असा विचारा: "११,९०४ युरो तिकडे पोचायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?" दर, शुल्क, जीएसटी सगळं त्या एका आकड्यात येतं आणि तुलना सरळ होते. ओळखीचा मॅनेजर असेल तर दर कमी करून मिळतो. मागितल्याशिवाय मिळत नाही.

जीएसटीला मात्र घाबरू नका. तो पूर्ण रकमेवर लागत नाही. दहा लाखांच्या वर करपात्र मूल्य ५,५०० अधिक वरच्या रकमेच्या ०.१ टक्का असं धरतात, आणि त्यावर १८ टक्के. आपल्या उदाहरणात मूल्य ५,७५० येतं, जीएसटी १,०३५ रुपये.

दुसरी गोष्ट टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो आयकर. १ एप्रिल २०२५ पासून एका पॅनवर एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस कापत नाहीत, वरच्या रकमेवर कापतात. दर कारणानुसार बदलतो आणि गोंधळ तिथेच होतो. पैसे पाठवताना ए-टू फॉर्मवर हेतूचा कोड असतो. शिक्षणासाठी एस०३०५. पण काउंटरवरचा माणूस "परदेशात खातं" एवढं ऐकून परदेशी खातं उघडण्याचा एस००२३ टाकू शकतो. त्या कोडवर दहा लाखांवरच्या रकमेला २० टक्के लागतात. अडीच लाखांवर पन्नास हजार. हा कर बुडत नाही, रिटर्न भरताना वजा होतो किंवा परत मिळतो. पण जुलै-ऑगस्टच्या ऐन खर्चात पन्नास हजार वर्षभर अडकणं कुणाला परवडतं? सही करण्याआधी कोड स्वतः वाचा. सोबत प्रवेशपत्र द्या.

यावर सोपा उपाय आहे. रक्कम आई आणि वडील दोघांच्या खात्यांतून, दोघांच्या पॅनवर, दोन हप्त्यांत पाठवा. दोघंही दहा लाखांच्या आत राहतात आणि टीसीएसचा विषयच संपतो. बहुतेक कंपन्या पालकांच्या खात्यातून आलेले पैसे घेतात. फक्त दोन्ही वेळा पोर्टलनं दिलेला संदर्भ क्रमांक शेऱ्याच्या रकान्यात अक्षरन्‌अक्षर हवा. तो चुकला की पैसे जर्मनीत पोचतात पण कुणाचे ते कळत नाही, आणि मग स्विफ्टची, म्हणजे पैसे पाठवल्याच्या बँकेच्या पावतीची, प्रत पाठवून शोध लावण्यात आठवडा जातो. व्हिसाची तारीख पाच दिवसांवर असताना तो आठवडा फार मोठा असतो.

तिसरी गळती मधल्या बँकेची. पैसे थेट जात नाहीत, वाटेतली बँक दहा-पंचवीस युरो कापू शकते. फॉर्मवर शुल्काचे पर्याय असतात, त्यातला "ओयूआर" निवडा, म्हणजे वाटेतला खर्च तुमच्या बाजूनं आधीच भरला जातो. "एसएचए", म्हणजे खर्च दोन्ही बाजूंत वाटण्याचा पर्याय, ठेवला आणि तिकडे ११,८८७ पोचले तर दाखला निघत नाही. १७ युरोंसाठी पुन्हा फॉर्म, पुन्हा शुल्क, पुन्हा तीन-चार दिवस. पोर्टल सांगेल त्या रकमेवर ३०-४० युरो जास्तच पाठवा. जास्तीची रक्कम बहुतेक ठिकाणी पहिल्या हप्त्यासोबत परत येते.

शैक्षणिक कर्जातून पाठवत असाल तर टीसीएस लागत नाही, पण पैसे कर्ज खात्यातून थेट गेले पाहिजेत. आधी वडिलांच्या बचत खात्यात घेऊन मग पाठवले की ते कर्जाचे होते हे पटवणं अवघड होतं. मंजुरीपत्रात राहण्याचा खर्च वेगळ्या ओळीत लिहून घ्या. फी शून्य बघून शाखेतला अधिकारी "मग कर्ज कशाला?" असं विचारतो. त्याला वकिलातीच्या संकेतस्थळावरच्या आर्थिक पुराव्याच्या पानाची छापील प्रत दाखवावी, तोंडी समजावण्यापेक्षा तिचा उपयोग होतो. आणखी एक: ब्लॉक्ड अकाउंटमधल्या पैशांवर विद्यार्थ्याला व्याज मिळत नाही, इकडे कर्जाचं व्याज पहिल्या दिवसापासून चालू. दहा टक्क्यांनी साडेबारा लाखांवर महिन्याला दहा हजारांच्या वर. त्यामुळे प्रवेशपत्र हातात आल्याशिवाय रक्कम उचलू नका. खातं आधी उघडून ठेवा, पडताळणी उरकून ठेवा, पैसे नंतर.

नाव

महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं, कुठे आईचंही. पासपोर्टवर बहुतेकांच्या पहिल्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. ब्लॉक्ड अकाउंट, विमा आणि पुढे जर्मनीतलं चालू खातं तिन्ही ठिकाणी पासपोर्टप्रमाणेच लिहा, वडिलांच्या नावासकट. लांबलचक वाटतं म्हणून एकीकडे गाळलं आणि दुसरीकडे ठेवलं की हप्ता वळता करताना नाव जुळत नाही आणि पैसे थांबतात.

पोचल्यावरचे पहिले सहा आठवडे

विमानातून उतरलं की हप्ता सुरू होतो असं नाही. आधी जर्मनीत चालू खातं हवं. त्यासाठी अनेक बँका पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागतात. ती नोंदणी, आनमेल्डुंग, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, आणि तिला घरमालकाची सही असलेलं प्रमाणपत्र लागतं. पर्यटकांच्या हॉस्टेलमध्ये किंवा मित्राच्या खोलीत तात्पुरतं राहणाऱ्याला ते मिळत नाही. शिवाय मोठ्या शहरांत ऑक्टोबरमध्ये नोंदणी कार्यालयाची वेळ मिळायलाच तीन-चार आठवडे जातात. म्हणजे घर नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर बँक खातं नाही, खातं नाही तर स्वतःचेच ९९२ युरो हातात नाहीत.

ही साखळी दोन ठिकाणी तोडता येते. एक, हप्ता सुरू करायला नोंदणीचा दाखला न मागणारी ब्लॉक्ड अकाउंटची सेवा निवडा. दोन, पासपोर्टवर ऑनलाइन चालू खातं देणारी बँक आधीच हेरून ठेवा. तरीही सुरुवातीच्या खर्चाचे पैसे सोबत हवेतच. ४५० युरो मूळ भाड्याची खोली धरून हिशेब मांडतो. अनामत कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी, म्हणजे १,३५०. हीटिंग-पाण्यासकट पहिलं भाडं ५२०. विद्यापीठाला द्यायचं सेमिस्टरचं अंशदान २५०. विमा १४५. खाणं, गादी-पांघरूण, सिमकार्ड, प्रवास २५०. एकूण २,५१५ युरो, आणि यातला एकही ब्लॉक्ड अकाउंटमधून वेळेवर मिळणार नाही. फॉरेक्स कार्डवर अडीच हजार युरो ठेवा, दोन-तीनशे रोख.

अनामत तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला कायदेशीर हक्क आहे. मालक स्वतःहून सांगत नाही, विचारावं लागतं. आणि खोली न बघता, करार हातात नसताना, कुणी "आधी अनामत पाठव, किल्ली कुरिअरनं येईल" म्हणालं तर एक युरोही पाठवू नका. सप्टेंबरमध्ये अशा जाहिरातींचं पीक येतं.

पुढे दरमहा एक बारीक पेच राहतो. भाडं महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत भरायचं असतं आणि ब्लॉक्ड अकाउंटचा हप्ताही त्याच सुमारास जमा होतो. हप्ता एक दिवस उशिरा आला की भाड्याची आपोआप वजावट परत फिरते आणि तिचा दंड बसतो. चालू खात्यात एका भाड्याएवढी शिल्लक कायम राहू द्या.

व्हिसा नाकारला तर

नकारपत्र पोर्टलवर टाकलं की पैसे ज्या खात्यातून आले तिथेच परत जातात. सेवेचं शुल्क सहसा मिळत नाही, आणि युरोचे रुपये करताना दराचा फरक पुन्हा एकदा सोसावा लागतो. पूर्वी नकारावर वकिलातीकडेच फेरविचार मागता यायचा. ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नव्यानं अर्ज करायचा किंवा कोर्टात जायचं. म्हणून एपीएसचा दाखला (भारतातल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा, १८,००० रुपये, वेळ आठवड्यांत मोजावा), प्रवेशपत्र, विमा आणि ब्लॉक्ड अकाउंट यांतलं काहीही अर्धवट ठेवून अर्ज टाकू नका. आपणहून जाण्याचा बेत रद्द केला तर पैसे सोडवायला जर्मन कार्यालयाचं पत्र लागू शकतं, त्यात वेळ जातो.

दुसऱ्या वर्षाचं काय

मास्टर्स दोन वर्षांचं, खातं एका वर्षाचं. जर्मनीत राहण्याचा परवाना वाढवताना परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पुढच्या खर्चाचा पुरावा पुन्हा मागतात. तिथे पुन्हा अख्खे ११,९०४ भरण्याची गरज दरवेळी पडत नाही, कारण नियमित नोकरीचा करार आणि पगारपत्रकंही बरीच कार्यालयं धरतात. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे आणि मिनीजॉबची, म्हणजे थोड्या तासांच्या छोट्या नोकरीची, कमाईची मर्यादा महिन्याला ६०३, म्हणजे साधारण ४३ तास. नुसत्या मिनीजॉबवर ९९२ चा आकडा गाठता येत नाही, वर्कस्टुडंटची, म्हणजे शिकता शिकता करायची जास्त तासांची अर्धवेळ, नोकरी लागते, आणि ती मिळायला बहुतेकांना दुसरं सेमिस्टर उजाडतं. पहिल्या सहा महिन्यांच्या अंदाजपत्रकात कमाईच्या रकान्यात शून्य लिहा. पहिला पगार झाला की दर महिन्याचं पगारपत्रक पीडीएफमध्ये जपून ठेवा, आणि परवाना संपायच्या तीन महिने आधी कार्यालयाची वेळ मागा. वेळ पुढची मिळाली तरी अर्ज मुदतीच्या आत गेल्याची पोच हातात हवी.